टाचेमागची शीर

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे निघते तेव्हा दिघी, कळस, विश्रांतवाडी मागे टाकून ती येरवड्याच्या फुलेनगरातून पुढे जाते आणि संगमवाडीमार्गे शहरात शिरते. त्या दिवशी फुलेनगरच्या रस्त्याकडेला उभं राहून नुसते पाय बघावेत. सत्तरीकडे झुकलेली, नऊवारी नेसलेली, पायात साधी स्लीपर घातलेली माळकरी आजी टाळांच्या ठेक्यात निघून जाते. तिच्या मागून येणारा, एका दिवसापुरता वारीत आलेला, महागड्या बुटांतला पस्तिशीचा नोकरदार मात्र दुभाजकावर बसून टाचेच्या मागे बाम चोळत असतो.

वारी पुढे गेली तरी येरवड्यातलं हे दुखणं संपत नाही. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की पहाटे मैदानं आणि मोकळे रस्ते पोरांनी भरून जातात. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण मुलांसाठी १६०० मीटर धावण्याला असतात. सहा महिने अभ्यासिकेत बसलेला मुलगा एकदम रोज पाच किलोमीटर पळायला लागतो आणि तिसऱ्या आठवड्यात सकाळी उठल्यावर त्याची टाच जमिनीला टेकत नाही. कल्याणीनगरच्या सोसायटीत बारा तास उभा राहणारा रखवालदार, लक्ष्मीनगरातून निघून चार घरची कामं करणाऱ्या मावशी, बांधकामावर उकिडवं बसून फरशी लावणारा मिस्त्री, या सगळ्यांची तक्रार एकच असते: "घोट्याची शीर दुखतेय."

वय, वजन, पादत्राणं, काम, सगळं वेगळं आणि दुखणं मात्र एक. या दुखण्यामागे बहुतेक वेळा एकच कारण सापडतं. कंडरेला ज्या भाराची सवय होती त्यापेक्षा जास्त भार तिच्यावर फार लवकर पडला. आजी वर्षभर रानात आणि चुलीपाशी चालत, उठत-बसत असते, तिच्या कंडरेला चालण्याची सवय आहे. नोकरदाराच्या कंडरेला खुर्चीची सवय आहे. उपचारही याच कारणातून निघतो: मोजून दिलेला आणि हळूहळू वाढवत नेलेला भार. बाम, पट्टी, गोळी, इंजेक्शन हे सगळं त्याच्या नंतर येतं.

कुठे दुखतंय ते बोटाने दाखवा

स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट, पांढरा पट्टा म्हणजे कंडरा. बोलीत आपण तिला शीर किंवा नस म्हणतो. रक्ताच्या शिरेशी किंवा मज्जातंतूशी तिचा संबंध नाही. घोट्याभोवती अशा बऱ्याच कंडरा आहेत, पण त्रास देणाऱ्या मुख्यतः तीन.

पहिली आणि सर्वांत मोठी म्हणजे अकिलीस कंडरा. पोटरीतले दोन स्नायू, वरचा मोठा आणि त्याखालचा चपटा, खाली एकत्र येऊन ही कंडरा बनते आणि टाचेच्या हाडाच्या मागच्या बाजूला चिकटते. लांबी सुमारे १५ सेंटिमीटर. शरीरातली सर्वांत जाड आणि मजबूत कंडरा हीच. पळताना प्रत्येक पावलाला तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. साठ किलोच्या मुलासाठी हा आकडा साडेतीनशे किलोच्या पुढे जातो, तोही एका पायावर आणि मिनिटाला ऐंशीएक वेळा.

अकिलीसचं दुखणं दोन ठिकाणी होतं. टाचेच्या हाडापासून साधारण दोन ते सहा सेंटिमीटर वर, जिथे चिमटीत धरल्यावर जाडसर गाठ लागते, ते मधल्या भागाचं दुखणं. अगदी हाडाला चिकटण्याच्या जागी, जिथे बुटाची मागची कड घासते, ते चिकटणीचं दुखणं. दोन्हींचा व्यायाम थोडा वेगळा असतो, म्हणून बोटाने नेमकी जागा दाखवता आली पाहिजे.

दुसरी कंडरा घोट्याच्या आतल्या बाजूने, हाडाच्या मागून वळून तळपायाच्या कमानीखाली जाते आणि कमान उचलून धरते. ती दुखू लागली की आतल्या घोट्यामागे सूज येते, आणि दुर्लक्ष केलं तर पाऊल हळूहळू सपाट होत जातं. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, वजन जास्त असलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या स्त्रियांमध्ये हे जास्त आढळतं. घरकामाच्या मावशींचा "पाय आत वळतोय" हा अनुभव बहुधा इथून येतो. भिंतीला हात लावून त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. या कंडरेच्या बाबतीत गमावलेले महिने पावलाचा आकार बदलून जातात.

तिसरी जोडी बाहेरच्या घोट्यामागून जाते. पाय मुरगळल्यावर सूज उतरली, पण बाहेरच्या बाजूला ठणका राहिला, तर संशय हिच्यावर घ्यावा.

दुखणं टाचेच्या खाली, तळव्यात असेल तर ते कंडरेचं नव्हे. सकाळच्या पहिल्या पावलाला तेही दुखतं, पण तो तळव्यातल्या पडद्याचा त्रास आहे.

आत काय बिघडतं

कंडरा मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची बनलेली असते. सुंभाच्या दोरात पेड असतात तसे हे तंतू एकमेकांना समांतर, घट्ट वळलेले असतात, आणि त्यांच्यामधून थोड्या पेशी आणि त्याहून थोडा रक्तपुरवठा असतो. रक्त कमी म्हणून दुरुस्ती सावकाश.

किती सावकाश, हे डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये एका विलक्षण मार्गाने दाखवलं. १९५५ ते १९६३ या काळात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण एकदम वाढलं होतं आणि पुढे हळूहळू कमी होत गेलं. अन्नावाटे तो कार्बन त्या काळात वाढणाऱ्या सर्व शरीरांमध्ये शिरला. कात्या हाइनेमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांच्या अकिलीस कंडरेच्या गाभ्यातला हा कार्बन मोजला. त्यातून दिसलं की कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि नंतर त्याचं नूतनीकरण जवळपास होतच नाही. स्नायूमधला कार्बन मात्र नवा होता. म्हणजे वयात येताना जी कंडरा मिळाली, तिच्या गाभ्यावरच माणूस आयुष्यभर चालतो.

एक समजूतही मोडावी लागते. कित्येक वर्षं या दुखण्याला "सूज आली", "दाह झाला" असं म्हटलं गेलं आणि त्यावर दाह कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या गेल्या. पण जुन्या दुखऱ्या कंडरेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा दाहाच्या नेहमीच्या पेशी तिथे फारशा सापडल्या नाहीत. सापडले ते विस्कटलेले तंतू, वाढलेलं पाणी आणि जिथे नसायला हव्यात तिथे शिरलेल्या बारीक रक्तवाहिन्या. गोळीने चार दिवस बरं वाटतं आणि पाचव्या दिवशी तेच दुखणं परत येतं, त्याचं कारण इथे आहे.

ऑस्ट्रेलियाच्या जिल कुक आणि क्रेग पर्डम यांनी २००९ मध्ये या बिघाडाच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर कंडरा अचानक आलेल्या भाराने फुगते, पण भार वेळेत कमी केला तर पूर्ववत होते. दुसऱ्यावर तंतूंची मांडणी बिघडू लागते. तिसऱ्यावर काही भाग कायमचा निकामी होतो. यात दिलासा असा की तिसऱ्या पायरीवरही निकामी भागाच्या भोवती चांगला भाग शिल्लक असतो, आणि भार पेलायला तोच शिकवता येतो. म्हणून सोनोग्राफीत कंडरा जाड आणि खराब दिसत असूनही माणूस दुखण्याशिवाय पळताना दिसतो. अहवालातल्या शब्दांनी घाबरून जाऊ नये. निदान मुख्यतः दुखण्याची जागा, सकाळचा ताठरपणा आणि भाराशी असलेला संबंध यावरूनच होतं.

विश्रांतीचा फेरा

टाच दुखली की घरचे म्हणतात, "पंधरा दिवस पाय टाकू नकोस, आपोआप बरं होईल." मुलगा पंधरा दिवस बसतो. दुखणं खरंच कमी होतं, कारण भारच नाही. पण त्या पंधरा दिवसांत पोटरीचा स्नायू आणखी अशक्त होतो आणि कंडरेची ताण सोसण्याची ताकद आणखी उतरते. सोळाव्या दिवशी तो जुन्याच वेगाने पळतो. दुखणं परत येतं, आधीपेक्षा लवकर. मग महिनाभर विश्रांती. असे तीन-चार फेरे झाले की भरतीचं वर्ष निघून जातं.

या फेऱ्यातून सुटायचं तर भार थांबवायचा नाही, बदलायचा. तो बदलायचा म्हणजे काय, याचं एक उदाहरण येरवड्याच्या तुरुंगातच आहे. दांडीपर्यंतची सुमारे ३८५ किलोमीटरची वाट १९३० मध्ये साठी ओलांडलेल्या वयात चालून गेलेले गांधीजी जानेवारी १९३२ मध्ये पुन्हा येरवड्यात बंदिवान झाले. तिथे रोजच्या सूतकताईत त्यांचं कोपर दुखू लागलं. त्यांनी कातणं सोडलं नाही. प्रभुदास गांधींनी तयार केलेला आणि मगनलाल गांधींच्या नावाने ओळखला जाणारा मगन चरखा त्यांनी जवळ केला. त्याचं चाक पायाने फिरवायचं असतं, त्यामुळे हातावरचा ताण बदलला आणि काम चालू राहिलं. इतक्या लांबून त्यांच्या कोपराचं नेमकं निदान करण्यात अर्थ नाही. पण दुखऱ्या भागाचा ताण कमी करून बाकीचं शरीर कामात ठेवायचं, हीच आज कंडरेच्या उपचाराची पहिली पायरी मानली जाते. टाच दुखतेय म्हणून पळणं काही काळ थांबवावं, उड्या आणि चढ थांबवावेत. सपाट रस्त्यावर चालणं, सायकल, पोहणं, मांड्यांचे आणि कंबरेचे व्यायाम चालू ठेवावेत.

मात्र ही पहिलीच पायरी. इथेच थांबलं तर कंडरा शांत होते, बळकट होत नाही.

ऊमेओचा डॉक्टर

स्वीडनच्या उत्तरेला ऊमेओ हे विद्यापीठाचं गाव आहे. तिथले अस्थिरोगतज्ज्ञ हाकन आल्फ्रेडसन स्वतः पळायचे आणि त्यांची स्वतःचीच अकिलीस कंडरा दुखत होती. त्यांनीच पुढे सांगितलेली हकिकत अशी की त्यांना शस्त्रक्रिया करून हवी होती, पण वरिष्ठांनी नकार दिला. कंडरा तुटली तर शस्त्रक्रिया करावीच लागेल, या हिशेबाने त्यांनी दुखऱ्या टाचेला मुद्दाम जड व्यायाम द्यायला सुरुवात केली. कंडरा तुटली नाही. काही आठवड्यांत दुखणं कमी झालं.

मग त्यांनी हाच व्यायाम रुग्णांना दिला. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर उचलायचं आणि दुखऱ्या एका पायावर सावकाश टाच खाली सोडायची. पंधरा वेळा, असे तीन संच गुडघा सरळ ठेवून आणि तीन संच गुडघा किंचित वाकवून. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दिवसाला एकूण १८० वेळा, आठवड्याचे सातही दिवस, बारा आठवडे. सोपं वाटू लागलं की पाठीवर सॅक घेऊन वजन वाढवायचं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मधल्या भागाचं जुनाट दुखणं असलेले पंधरा धावपटू होते. बारा आठवड्यांनी पंधराही जण पुन्हा पळू लागले. पंधरा हा आकडा लहान आहे आणि नंतरच्या मोठ्या अभ्यासांत यश इतकं सरसकट मिळालं नाही. पण "दुखऱ्या कंडरेला हात लावू नका" हा विचार तिथून मागे पडला.

गुडघा वाकवून का करायचं? पोटरीचा वरचा स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होतो. गुडघा वाकला की तो सैल पडतो आणि काम खालच्या चपट्या स्नायूवर येतं. लांब चालताना आणि पळताना सर्वांत जास्त राबतो तो हाच.

पुढे दोन महत्त्वाच्या गोष्टी कळल्या. स्वीडनमध्येच कारिन सिल्बरनागेल यांनी २००७ मध्ये दाखवलं की दुखणं मर्यादेत ठेवून पळणं-उड्या चालू ठेवणाऱ्या रुग्णांची सुधारणा, सहा आठवडे ते सगळं पूर्ण बंद ठेवणाऱ्यांपेक्षा कमी झाली नाही. २०१५ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी रोजच्या १८० वेळांची तुलना आठवड्यातून तीन दिवस, जड वजनाने, अगदी सावकाश केलेल्या व्यायामाशी केली. दोन्हींचा परिणाम जवळजवळ सारखा होता, पण तीन दिवसांचा व्यायाम लोकांना जास्त पटला. नोकरी-घर सांभाळणाऱ्याला दिवसाआडचं वेळापत्रक झेपतं, आणि झेपणारा व्यायाम माणूस सोडत नाही.

दिवसाआड करण्याला शरीरातलं कारणही आहे. जड व्यायामानंतर कोलॅजन तुटण्याचं आणि बनण्याचं, दोन्हीचं प्रमाण वाढतं. पहिला दीड दिवस तुटणं पुढे असतं, त्यानंतर बनणं पुढे जातं. रोज रोज जड भार दिला तर बनण्याला सवड मिळत नाही.

घरच्या जिन्यावरचा आराखडा

यासाठी जिमची गरज नाही. चाळीचा जिना, घराचा उंबरठा, भिंतीचा आधार एवढं पुरतं. पुढचा आराखडा अकिलीसच्या मधल्या भागाच्या दुखण्यासाठी आहे. आठवड्यांचे आकडे अंदाज म्हणून घ्यावेत. पुढच्या टप्प्यावर कधी जायचं हे टाच सांगते.

पहिला टप्पा, साधारण दोन आठवडे. भिंतीला हात टेकून दोन्ही पायांच्या चवड्यांवर उभं राहा आणि तसंच स्थिर थांबा. जमेल तितका वेळ, वाढवत पंचेचाळीस सेकंदांपर्यंत. पाच वेळा, मध्ये मिनिट-दोन मिनिटांची विश्रांती. त्याबरोबर दोन्ही पायांनी सावकाश टाचा उचलणं: तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली, पंधराचे तीन संच.

दुसरा टप्पा, पुढचे चार ते सहा आठवडे. पायरीच्या कडेवर या. आधी दोन्ही पायांनी वर आणि एकाने खाली, मग वर-खाली दोन्ही एकाच पायाने. गुडघा सरळ आणि वाकवून, दोन्ही प्रकारे. पंधरा वेळा सहज जमू लागलं की सॅकमध्ये पुस्तकं किंवा तांदळाची पिशवी घाला. वजन वाढलं की आकडा कमी करा, आठ-दहावर आणा. वेग मात्र वाढवू नका. घाईने केलेला संच स्नायूला दमवतो, कंडरेला फारसं काही देत नाही.

तिसरा टप्पा, त्यापुढचे चार-सहा आठवडे. एका पायावर वीस-पंचवीस वेळा टाच उचलता येऊ लागली आणि दोन्ही पायांतला फरक मिटत आला, की कंडरेला उसळी शिकवायची. दोन पायांवर हलक्या उड्या, मग दोरीवरच्या उड्या, मग एका पायावर. त्यानंतर पळणं: एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असे आठ-दहा फेरे, दिवसाआड. आधी अंतर वाढवा, मग वेग, सगळ्यात शेवटी चढ. जड व्यायाम पळणं सुरू झाल्यावरही आठवड्यातून दोनदा चालू ठेवा. बहुतेक लोक इथेच व्यायाम सोडतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा दवाखान्यात येतात.

दुखणं अगदी हाडाच्या चिकटणीपाशी असेल तर एक बदल महत्त्वाचा. पायरीच्या कडेवरून टाच खाली सोडू नका, जमिनीवरच करा. पाऊल वर वाकलं की कंडरा टाचेच्या हाडावर दाबली जाते, आणि दुखणाऱ्या जागेला हा दाब सोसत नाही. याच कारणाने पोटरी ताणण्याचे व्यायामही इथे टाळावेत. उकिडवं बसणं हा आपल्याकडचा खास मुद्दा. टाचा टेकवून उकिडवं बसताना घोटा पूर्ण वाकतो. फरशीच्या मिस्त्रीने काही महिने बुटका पाट वापरावा, घरी शक्य असेल तर कमोड वापरावा. बुटात टाचेखाली सेंटिमीटरभर जाडीची गादी घातली तरी बरं वाटतं.

किती दुखू द्यायचं

व्यायाम करताना थोडं दुखणारच. न दुखणारा भार बहुधा कमी पडलेला असतो. पण मर्यादा हवी. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशी मोजपट्टी मनात धरा. सिल्बरनागेल यांच्या पद्धतीत पाचपर्यंतचं दुखणं चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये.

म्हणून खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीच्या सकाळी असते. अंथरुणातून उठून मोरीपर्यंत जाताना टाच कालच्याइतकीच ताठ असेल तर कालचा भार बरोबर होता. जास्त ताठ असेल तर पुढच्या वेळी वजन किंवा आकडा थोडा कमी करा. पूर्ण बंद करू नका. कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहून ठेवला तर महिन्याभरात सुधारणा डोळ्यांना दिसते. रोज तपासत बसलं तर ती दिसत नाही, कारण कंडरेची सुधारणा आठवड्यांत मोजायची असते.

इंजेक्शन, गोळ्या आणि चपला

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने दुखणं झटकन कमी होऊ शकतं, पण अकिलीसच्या बाबतीत कंडरा तुटण्याचा धोका असल्याने जाणकार डॉक्टर ते टाळतात. स्वतःच्या रक्तातून काढलेल्या प्लेटलेटचं इंजेक्शन महाग असतं आणि त्याचा बोलबालाही मोठा आहे. २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये ५४ आणि २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये २४० रुग्णांवर झालेल्या अभ्यासांत मात्र खोट्या उपचारापेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही. ध्वनिलहरींच्या धक्क्यांचा उपचार व्यायामाला जोड म्हणून काही जणांना उपयोगी पडतो. व्यायामाची जागा तो घेऊ शकत नाही.

औषधांच्या दुकानात सहज मागितल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांबद्दल सावध राहायला हवं. त्यांनी कंडरा दुखू शकते, क्वचित तुटू शकते. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००८ मध्ये त्यांच्या वेष्टनपत्रावर सर्वांत ठळक इशारा छापायला लावला. साठीपुढचे लोक आणि स्टेरॉइड घेणारे रुग्ण यांना धोका जास्त. जुलाबासाठी किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी ही गोळी सुरू असताना टाच दुखू लागली तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना सांगा.

साखर वाढलेली असेल तर कंडरा जाड आणि ताठर होते आणि बरी व्हायला जास्त वेळ घेते. दोन्ही टाचांमागे न दुखणाऱ्या, घट्ट गाठी असतील तर कोलेस्टेरॉल तपासून घ्या. काही घराण्यांत वाढलेल्या कोलेस्टेरॉलची पहिली खूण तिथेच दिसते.

पादत्राणांबद्दल इतकंच की अगदी सपाट, झिजलेली चप्पल दुखण्याच्या काळात बाजूला ठेवा. टाचेला थोडी उंची आणि घोट्याला पकड असलेला बूट वापरा. पळण्याचे बूट बदलायचे असतील तर एका दिवसात बदलू नका. नवा बूट हाही कंडरेसाठी नवा भारच असतो.

थेट दवाखान्यात कधी

बॅडमिंटन खेळताना, बस पकडायला धावताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, 'फट्' आवाज आला, मागे वळून पाहिलं तर कुणीच नाही, आणि मग चवड्यावर उभं राहता येईना, तर कंडरा तुटली असं धरून चाला. पालथं झोपवून पोटरी दाबली तर निरोगी पायाचं पाऊल हलतं, तुटलेल्याचं हलत नाही. अशा वेळी मालीश, लेप, हाडवैद्य यांत दिवस घालवू नका. पहिल्या काही दिवसांत योग्य स्थितीत प्लास्टर किंवा बूट बसला तर कित्येकदा शस्त्रक्रियेशिवायही कंडरा जुळते.

पाय मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा. पोटरी एका बाजूने सुजून गरम आणि दुखरी झाली असेल, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा आजारपणानंतर, तर रक्ताची गुठळी नाही ना हे त्याच दिवशी तपासा. तरुण वयात दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही तासभर ताठ असते, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. येरवड्यात महापालिकेचं राजीव गांधी रुग्णालय आहे आणि नदीपलीकडे ससून. यातल्या कोणत्याही कारणासाठी मोठ्या खर्चाच्या भीतीने घरी थांबण्याची गरज नाही.

पाडव्यापासून प्रस्थानापर्यंत

भरतीच्या मुलाला जाहिरात कधी निघेल ते ठाऊक नसतं, म्हणून त्याने टाचा उचलण्याचा व्यायाम वर्षभर आठवड्यातून दोनदा करावा. जाहिरात निघाल्यावर त्याला वेग वाढवायचा असतो. तोवर कंडरा तयार हवी.

वारीला जाणाऱ्याची मात्र सोय आहे, त्याला तारीख आधीच माहीत असते. माउलींच्या पालखीची वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. पुण्याहून सासवडचा टप्पा तीसेक किलोमीटरचा आणि त्यात दिवे घाटाची चढण. चढावर प्रत्येक पावलाला घोटा जास्त वाकतो, म्हणून टाचेची खरी कसोटी त्या दिवशी लागते. पुढे वेळापूरच्या वाटेवर वारकरी धावाही करतात.

आता पंचांग उघडा. चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून ज्येष्ठ वद्य अष्टमीपर्यंत, म्हणजे पाडव्यापासून पालखीच्या प्रस्थानापर्यंत, साधारण ८१ दिवस होतात. कंडरेला ताकद यायला लागणाऱ्या बारा आठवड्यांना तीनच दिवस कमी. मध्ये अधिक मास आला तर आणखी महिना हाती येतो. गुढी उभारल्यावर त्याच संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर पहिले पंधरा करावेत. पहिल्या महिन्यात जिना आणि दिवसाआड अर्धा तास चालणं, दुसऱ्यात सॅकमध्ये वजन आणि रविवारी आठ-दहा किलोमीटर, तिसऱ्यात रविवारचं अंतर वाढवत वीसवर नेणं आणि एखादी टेकडी चढणं. वारीत जे बूट किंवा चप्पल घालायची ती दुसऱ्या महिन्यापासूनच वापरात आणावी. ज्याची टाच आधीच दुखते आहे त्याने या वर्षी सगळी वाट धरण्याचा हट्ट करू नये. आळंदी ते पुणे एवढंच चालावं, सासवडचा टप्पा पुढच्या वर्षावर ठेवावा आणि व्यायाम मात्र दसऱ्यापासूनच सुरू करावा.